तरुण संघ दुसऱ्या पंथांच्या उपासनेला न्यायचाय, काय सांभाळावं?

तरुणसंघ_नगर: आम्ही सीएनआयचे (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, प्रोटेस्टंट मंडळी). १८ ते २५ जानेवारीच्या ख्रिस्ती ऐक्य सप्ताहात २० जणांना कॅथलिक मिस्साला (त्यांच्या मुख्य उपासनेला) आणि पेंटेकॉस्टल सभेला न्यायचंय. पूर्वतयारी काय करावी?

वसईकर: फादरांना आधी कळवा. ख्रिस्तप्रसादाच्या (पवित्र भाकर देण्याच्या) वेळी जागेवरच बसा. बिगर-कॅथलिकांना तो सहसा देत नाहीत, यात अपमान नाही. हमखास गडबड होते ती प्रभूच्या प्रार्थनेत. ‘वाइटापासून सोडव’वर सगळे थांबतात, मग फादर एकटे प्रार्थना म्हणतात आणि त्यानंतर ‘राज्य, सामर्थ्य...’ येतं. तुमची मुलं सवयीने सरळ पुढे जातील! शिकायचंच तर रविवारची वाचनं नीट ऐका: जुना करार, स्तोत्र, पत्र, शुभवर्तमान. पाळकांच्या आवडीचाच उतारा दर रविवारी, असं तिथे होत नाही.

पेटीवाला: पेंटेकॉस्टल सभेत गाण्यांनाच तासभर लागू शकतो, सगळे एकदम मोठ्याने प्रार्थना करतात. घाबरू नका, टाळ्या जमल्या तर वाजवा. अन्य भाषा (प्रार्थनेत आत्म्याच्या प्रेरणेने उच्चारलेले अनोळखी शब्द) कानी पडू शकतात, म्हणून जाण्याआधी बायबलमधलं १ करिंथ १४ वाचलेलं बरं. २७व्या वचनात दोघांनी, फार तर तिघांनी, पाळीपाळीने बोलावं आणि कोणी अर्थ सांगावा असं आहे. चर्चा करायचीच तर सभेनंतर, चहावर.

वसईकर: आणि परतीचं आमंत्रण द्या, हे बहुतेक मंडळ्या विसरतात. ना. वा. टिळकांची भजनं ठेवा, पेटी-तबल्यावर. शब्द छापून हातात द्या.