सस्क्वेहानातल्या बासच्या अंगावर काळे डाग कसले?

म्हादईकाठ, वाळपई
भाचा पेनसिल्वेनियात हॅरिसबर्गला असतो, सुट्टीला सस्क्वेहाना नदीवर गळ टाकून बसतो. परवा स्मॉलमाउथ बासचा फोटो पाठवला. मासा हिरवट-तपकिरी, डोळा लालसर, अंगावर शाई सांडल्यासारखे काळे डाग. धरला की तिथल्या तिथे सोडावा लागतो म्हणे. एवढी मोठी नदी, तरी एवढे लाड का?

गरीवाला, उसगाव
दादा, त्या डागांशी एका विषाणूचा संबंध आढळलाय. खरं दुखणं वेगळंच. 2005 मध्ये त्या नदीत बासची पिल्लं फोड येऊन ढिगाने मेली. एका कारणावर बोट ठेवता येत नाही. कोमट, कमी ऑक्सिजनचं पाणी, शेतातून येणारी तणनाशकं, जंतू, सगळ्यांचाच हात. काही नरांच्या वृषणात तर अंड्यांच्या पेशी सापडल्या.

आता नियमाचं. पाणी साधारण 15 अंशांवर गेलं की नर शेपटीने गोटे झाडून सुपाएवढा खळगा करतो. मादी अंडी घालून निघून जाते, राखण नराकडे. जवळ येईल त्यावर तो धावून जातो, म्हणून गळाला हमखास लागतो. त्याला वर काढला की बाकीचे मासे अंड्यांवर तुटून पडतात. वर गाळ बसला तरी अंडी गेलीच. गाळ म्हणजे काय ते खाणीची लाल माती नदीत उतरलेली पाहिलेल्या आपल्या लोकांना सांगायला नको. आणि मिरगात चढणीच्या माशांवर पागेर, म्हणजे फेकजाळं, टाकणारे आपणच ना? गाबोळी, म्हणजे माशाची अंडी, मलाही आवडते, पण मग नदीत मासा उरला नाही म्हणून बोंब मारू नये.

वाळवंटीकाठची, साखळी
कोलोरॅडो नदीत मात्र हाच मासा उपरा. ग्लेन कॅन्यन धरणामागच्या लेक पॉवेल जलाशयाची पातळी उतरली, वरचं कोमट पाणी माशांसकट टर्बाइनमधून खाली गेलं आणि 2022 मध्ये धरणाखाली त्याची पिल्लं मिळाली. तिथल्या मूळच्या हंपबॅक चब माशाला तो खाईल ही धास्ती. 2024 मध्ये तळाचं थंड पाणी सोडलं, वीण होऊ नये म्हणून. तिथे कोणी लाड करत नाही त्याचे!

म्हादईकाठ, वाळपई
भाच्याला वाचून दाखवलं. म्हणाला, विणीच्या दिवसांत त्याच्या पट्ट्यात मुद्दाम बास धरायलाच बंदी असते. गरीवाला, मिरगात तुझा पागेर कुठे असतो ते बघायला येतो मी उसगावला.