कोलोनोस्कोपी परत करायची आहे, पोट साफ व्हायला या वेळी काय वेगळं करू?

नमस्कार मंडळी, बाबांची (वय ६१) कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी, मागच्या आठवड्यात झाली. डावीकडे एक छोटा पॉलिप (आतड्याच्या अस्तरावरची गाठ) सापडला आणि तो लगेच काढला, पण रिपोर्टमध्ये खाली लिहिलंय की उजव्या बाजूला चिकट थर होता, नीट दिसलं नाही, तयारी अपुरी, पुन्हा करावी. बोस्टन स्कोर (आतडं किती स्वच्छ होतं त्याचे गुण, प्रत्येक भागाला ० ते ३) ५, उजवीकडे १, मधे २, डावीकडे २. वाईट याचं वाटतं की बाबांनी काही कसर ठेवली नव्हती. दोन दिवस जवळजवळ उपाशीच होते, पावडरचं पाणी आदल्या संध्याकाळी ६ ते १० मधे सगळं संपवलं कारण दिलेल्या कागदावर तसंच होतं, झोपताना संडासला अगदी स्वच्छ पाणी होत होतं म्हणून आम्ही निर्धास्त. तपासणी सकाळी ११ ला होती. मग रात्रीतून घाण आली कुठून? आता एवढं सगळं परत करायला ते तयारच नाहीयेत, आणि मला धाकधूक की उजवीकडे काही राहून गेलं असेल तर.

उत्तर १
मी एंडोस्कोपी विभागात नर्स आहे, हे आमच्याकडे खूपदा बघितलंय. बाबांचं काही चुकलं नाही, वेळ चुकली. मोठं आतडं रात्री धुतलं गेलं पण लहान आतड्याचं काम चालूच असतं ना, त्यातून पित्त आणि चिकट द्रव रात्रभर सीकममधे, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला, उतरत राहतो. ते उजवीकडेच आहे. रात्री १० ते सकाळी ११ म्हणजे १३ तास झाले, तेवढ्यात पिवळा लेप बसतो. म्हणून औषध दोन भागात घ्यायचं, अर्धं आदल्या संध्याकाळी आणि अर्धं तपासणीच्या दिवशी, ४ ते ६ तास आधी सुरू करून निदान २ तास आधी संपेल असं. ११ ची वेळ असेल तर पहाटे ५-६ ला सुरू, ८ पर्यंत संपवा म्हणजे झालं. झोपमोड होते मान्य आहे, पण सगळा फरक त्या पहाटेच्या डोसनेच पडतो. उजवीकडचे काही पॉलिप (सेसाइल सेरेटेड म्हणतात) एकदम चपटे, रंग आजूबाजूच्या अस्तरासारखाच, वर चिकट पडदा, म्हणजे आतडं स्वच्छ असतानाही ते शोधायला नजर लागते, लेपाखाली कुठून दिसणार?

उत्तर २
माझीही पहिली वेळ फुकट गेली होती त्यामुळे बाबांची चिडचिड कळते. दुसऱ्या वेळी चव सुसह्य झाली ती थंडगार करून आणि स्ट्रॉने प्यायल्यामुळे, स्ट्रॉ जिभेच्या मागे धरायची. एकदम ढोसू नका, दर १०-१५ मिनिटांनी एक ग्लास, मळमळलं तर अर्धा तास थांबून परत सुरू. गुदद्वाराला आधीपासूनच व्हॅसलीन लावा, नंतर आग व्हायला लागल्यावर उपयोग नाही. एक विचारायचं होतं, बाबांना बद्धकोष्ठता आहे का? आणि लोहाच्या गोळ्या चालू आहेत का? माझ्या चालू होत्या, मळ काळा आणि चिकट होतो, धुवून निघतच नाही.

उत्तर ३
पोटविकारांचा डॉक्टर आहे. वरच्या दोन्ही उत्तरांशी सहमत, थोडी भर घालतो. दोन दिवस उपाशी राहायची गरज नव्हती. फारसा धोका नसलेल्या पेशंटला आदल्या दिवशी कमी चोथ्याचं खाणं पुरतं, म्हणजे बिया, सालं, कोंडा, कच्च्या भाज्या बंद आणि लाल-जांभळी पेयं नकोत. अमेरिकेतल्या गॅस्ट्रो संघटनांच्या टास्क फोर्सनेही २०२५ मधे हेच सांगितलं. उपाशी माणूस आधीच गळून जातो आणि मग औषध अर्धवट टाकतो. पण बद्धकोष्ठता, मधुमेह, ओपिऑइड (अफूच्या वर्गातली) वेदनाशामकं किंवा आधीची तयारी फसलेली असेल तर नेहमीचा डोस कमी पडू शकतो, यातलं शेवटचं तर बाबांच्या बाबतीत झालंच आहे, तेव्हा हे तारीख घेतानाच सांगा, जास्त डोस किंवा आधीपासून रेचक द्यायचं ते ठरवतील. बुडबुडे खूप होते असं रिपोर्टमधे असेल तर सिमेथिकोनबद्दल (बुडबुडे मोडणारं औषध) विचारा. मधुमेहाची आणि रक्त पातळ करणारी औषधं मात्र मनाने बंद करू नका, आणि किडनीचा त्रास असेल तर सोडियम फॉस्फेटचं औषध घेऊच नका. स्कोरचं म्हणाल तर तिन्ही भागांना प्रत्येकी किमान २ हवेत, तेव्हा ५ मिमीपेक्षा मोठं काही सुटणार नाही असं म्हणता येतं. उजवीकडे १ आलाय, म्हणून पुन्हा करायला सांगितलंय ते बरोबरच आहे, वर्षाच्या आत करून घ्या, आणि पॉलिप सापडलेला असताना मी तर लवकरच करा म्हणेन.

प्रश्नकर्ता
सगळ्यांचे मनापासून आभार. बाबांना विचारलं, बद्धकोष्ठता कित्येक वर्षांची आहे आणि लोहाची गोळी आदल्या दिवशीपर्यंत घेत होते! आम्हाला कुणी विचारलंच नाही आणि आम्हीही सांगितलं नाही. दोन दिवस उपास नाही म्हटल्यावर ते जरा तयार झालेत. आता एकच भीती, पहाटे औषध घेऊन तासाभराच्या प्रवासात मधेच लागली तर?

उत्तर १
दुसरा डोस वेळेत संपला की निघेपर्यंत बहुतेकांचा जोर ओसरलेला असतो, तरी पॅड आणि एक जादा कपडा बरोबर ठेवा, बाबांना धीर येईल. लोहाची गोळी साधारण आठवडाभर आधी थांबवतात, तेही डॉक्टरांना विचारून घ्या. आणि निघायच्या आधी शेवटच्या वेळी काय झालं ते तुम्ही स्वतः बघा, लाजू नका. लघवीसारखं पिवळं, आरपार दिसणारं असेल तर निघा. तपकिरी किंवा गढूळ असेल तर घरूनच विभागात फोन करा, वरून आणखी काय घ्यायचं किंवा वेळ पुढे ढकलायची ते सांगतात.