'क्रीप'ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न (दांडिया बाजार, वडोदरा): वीजकेंद्रांतील वाफनळ्यांच्या मिश्र पोलादावरील मजकूर मी मराठीत लिहीत आहे. त्यात 'क्रीप'साठी 'सरकणे' आणि 'स्ट्रेंग्थ'साठी 'मजबुती' हे शब्द चालतील का?

उत्तर: 'सरकणे' टाळावे. सरकणारी वस्तू जागा सोडते. येथे नळी जागच्या जागी असते, आतला दाबही तोच असतो आणि एरवी तो तिने सहज पेलला असता, तरी वर्षानुवर्षे तापलेली राहिल्याने ती हळूहळू फुगत जाते. केल्विनमध्ये मोजलेल्या वितळबिंदूच्या साधारण चार दशांशांपुढे धातूंत हे ठळकपणे जाणवू लागते. त्यासाठी 'विसर्पण' चपखल आहे. (वैद्यांच्या 'विसर्प' या त्वचारोगाच्या नावातही हेच पसरणे आहे.)

'मजबुती' मात्र एकटी लिहू नये. उदाहरणार्थ, वाफनळ्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या पी ९१ या पोलादात सुमारे ९ टक्के क्रोमियम, १ टक्का मॉलिब्डेनम आणि किंचित व्हॅनेडियम व निओबियम असते. साध्या तापमानाला त्याचे ताणसामर्थ्य, म्हणजे ओढल्यावर तुटण्यापूर्वी पेलता येणारा सर्वाधिक ताण, किमान ५८५ मेगापास्कल भरते. पण ६०० अंश सेल्सियसला १,००,००० तास, म्हणजे अकरा वर्षांहून अधिक काळ, न तुटता टिकायचे असेल तर हाच आकडा शंभराच्या आसपास येतो. म्हणून 'विसर्पण-भंग सामर्थ्य' असे लिहावे आणि तापमान व कालावधी त्याच वाक्यात द्यावेत. त्यांच्याविना आकडा निरर्थक ठरतो.

दुसरे उत्तर (मकरपुरा): आमच्या वर्कशॉपमध्ये सगळे 'क्रीप'च म्हणतात, तेव्हा पहिल्या उल्लेखात दोन्ही शब्द द्यावेत. 'कडक' हा शब्द मात्र जपून वापरावा, कारण वाचकाला ती स्तुती वाटते. पी ९१चे वेल्डिंग झाल्यावर सांधा सुमारे ७५० अंशांवर ठरावीक वेळ तापवून ठेवला नाही, तर तो कडक होतो खरा, पण ठिसूळही होतो, आणि 'जॉइंट हार्ड आला' ही आमच्याकडे तक्रार असते. हवा असतो तो चिवटपणा. उलट, हे तापवणे प्रमाणाबाहेर गेले तर पोलाद मऊ पडते आणि त्याचे विसर्पण वाढते.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. मग 'फटीग'चाही समावेश विसर्पणात करावा का?

उत्तर: करू नये. तो 'शिणवटा', भार पुन्हापुन्हा चढल्याउतरल्याने येतो. बॉयलर वारंवार बंद-चालू होत असेल तर नळीला दोन्ही भोगावे लागतात, म्हणून तेथे 'विसर्पण-शिणवटा' असा जोडशब्द करावा.