मदत हवी आहे : सीआरटी-डी यंत्राची घरून देखरेख

माझ्या वडिलांना हार्ट फेल्युअर असून त्यांना नागपुरात सीआरटी-डी (हृदयाचे कप्पे एकतालात आकुंचन पावावेत म्हणून संकेत देणारे आणि गरज पडल्यास शॉक देणारे) यंत्र छातीत बसवले आहे. ते काटोलजवळच्या गावी राहतात. हे यंत्र छातीतील विद्युत-अवरोध मोजते, आणि फुप्फुसांत पाणी साचू लागले की तो घटत असल्याने धाप वाढण्याआधीच सूचना मिळू शकते, म्हणून मला ही सोय फार मोलाची वाटते. (फुप्फुसधमनीतील दाब मोजणारा, अमेरिकेत २०१४ साली मान्यता मिळालेला कार्डिओमेम्स हा संवेदक वेगळा, तो त्यांना बसवलेला नाही.)

कंपनीच्या प्रतिनिधीने मोबाइल अ‍ॅप जोडून दिले, परंतु गावात इंटरनेट वारंवार तुटते आणि माहिती रुग्णालयापर्यंत नियमित पोहोचत नाही. फोन त्यांच्या उशाशीच असतो, ब्लूटूथ सुरू असते, सिमही बदलून पाहिले. रोजचे वजन, मिठाचे पथ्य आणि औषधे व्यवस्थित चालू आहेत, त्यामुळे उपचारांविषयी सल्ला नको आहे. ही दूरस्थ देखरेख म्हणजे तातडीची सेवा नव्हे, याचीही आम्हाला जाणीव आहे.

ज्यांच्या घरी असे यंत्र आहे त्यांनी कृपया सांगावे : अशा गावात अ‍ॅपऐवजी उशाशी ठेवायचा स्वतंत्र मॉनिटर अधिक भरवशाचा ठरतो का, आणि नागपुरात आलेल्या सूचना नेमके कोण पाहते व त्यासाठी वेगळे शुल्क आकारले जाते का?