स्पेक्ट्रम एम्युलेटर: बॉर्डरचे पट्टे थरथरतात, बीपर टिकटिकतो, कॅसेटच्या डब्ल्यूएव्ही फाइली लोड होत नाहीत

महाल_४८के

नमस्कार राजेहो. झेडएक्स स्पेक्ट्रम ४८के या १९८०च्या दशकातल्या घरगुती संगणकाचा एक छोटा ओपन सोर्स एम्युलेटर (त्या मशीनची नक्कल करणारा प्रोग्राम) सुधारून राहिलो आहे. कोड सी मध्ये आहे, खिडकी आणि आवाज एसडीएल२ वर. आपल्याकडे डीबी स्पेक्ट्रम प्लसच्या (भारतात विकल्या गेलेल्या स्पेक्ट्रमच्या) काळातल्या, म्हणजे १९८६ नंतरच्या कॅसेट अजून लोकांच्या माळ्यावर पडून आहेत. त्यांतले घरी लिहिलेले बेसिक प्रोग्राम निदान एकदा चालावेत, एवढ्यासाठी हे काम आहे.

सध्याची रचना अशी: दर २० मिलिसेकंदांनी टाइमर येतो. त्यावर झेड-८० ला (स्पेक्ट्रमच्या सीपीयूला) ६९८८८ टी-स्टेट (सीपीयूच्या घड्याळाचे ठोके), म्हणजे एक फ्रेम, चालवतो, काउंटर शून्य करतो, पूर्ण पडदा एकदम रंगवतो आणि ८८० सॅम्पल आवाजाच्या बफरमध्ये टाकतो. आवाज ४४१०० हर्ट्झ, मोनो. बफरमध्ये सुरुवातीला ५१२ सॅम्पल जास्तीचे ठेवले आहेत.

आता तक्रारी. फ्रेमच्या मध्येच बॉर्डरचा (चित्राभोवतीच्या चौकटीचा) रंग बदलणाऱ्या प्रोग्राममध्ये फक्त शेवटचा रंग दिसतो. प्रत्येक ओयूटीची (पोर्टवर लिहिणाऱ्या इन्स्ट्रक्शनची) वेळ नोंदवून नंतर पट्टे काढून पाहिले, तर ते थरथरतात आणि हळूहळू सरकतात. बीपरचा (मशीनमधल्या साध्या स्पीकरचा) उंच सूर कर्कश येतो आणि साधारण पाच सेकंदांनी एक टिक ऐकू येते. टॅप फाइली (कॅसेटमधले बाइट साठवलेल्या) लोड होतात, पण कॅसेटवरून घेतलेल्या डब्ल्यूएव्ही अजिबात होत नाहीत. झेक्सॉल ही झेड-८० ची चाचणी पूर्ण पास आहे, म्हणून सीपीयू बरोबर धरून चाललो आहे. आधी कशाला हात घालू?

---

रामदासपेठ_टीस्टेट

महाल भाऊ, आधी घड्याळ. बाकी सगळं त्यावर उभं आहे.

झेक्सॉल पास झालं हे चांगलंच, पण ती चाचणी निकाल आणि फ्लॅग तपासते. इन्स्ट्रक्शनने किती टी-स्टेट घेतले, कोणत्या टी-स्टेटला मेमरी वाचली, हे ती बघतच नाही. तुमचे पट्टे नेमके तिथेच बिघडतात.

पहिली दुरुस्ती एका ओळीची आहे. फ्रेम संपली की काउंटर शून्य करू नका, त्यातून ६९८८८ वजा करा. शेवटचं इन्स्ट्रक्शन हद्द ओलांडून जातं. ते २३ टी-स्टेटपर्यंतचं असू शकतं, त्यामुळे दर फ्रेमला कधी ३, कधी १९ टी-स्टेट तुम्ही फेकून देता. एका टी-स्टेटमध्ये दोन पिक्सेल जातात, म्हणजे थरथर आणि सरकणं दोन्ही इथूनच येतं.

दुसरी दुरुस्ती मोठी आहे: कंटेन्शन. १६३८४ ते ३२७६७ ही मेमरी यूएलए (पडदा रंगवणारी चिप) आणि सीपीयू वाटून घेतात. यूएलएला पडद्यासाठी बाइट हवे असले की ती सीपीयूचं घड्याळ थांबवते. इंटरप्ट (दर फ्रेमच्या सुरुवातीला सीपीयूला मिळणारा इशारा) शून्यावर धरला तर हे १४३३५ व्या टी-स्टेटला सुरू होतं. तिथून दर ८ टी-स्टेटला विलंब ६, ५, ४, ३, २, १, ०, ० असा येतो. ओळीतले १२८ टी-स्टेट हा क्रम चालतो, उरलेले ९६ मोकळे. ओळ २२४ ची, अशा १९२ ओळी. फ्रेम सुरू व्हायच्या आधी एक तक्ता भरून ठेवा आणि तो ६९८८८ पेक्षा शंभरेक नोंदींनी लांब ठेवा, नाहीतर शेवटच्या इन्स्ट्रक्शनला तुम्ही अ‍ॅरेच्या बाहेर वाचाल.

हा विलंब इन्स्ट्रक्शनच्या शेवटी एकदम मिळवून चालत नाही. प्रत्येक वाचन-लेखनाच्या आधी त्या क्षणाचा विलंब लावावा लागतो. उदाहरणार्थ, एचएल रजिस्टरने दाखवलेल्या जागेवरचं आयएनसी (एक मिळवणारं इन्स्ट्रक्शन) ११ टी-स्टेटचं आहे: ऑपकोडचे ४, वाचनाचे ३, आतल्या बेरजेचा १, लेखनाचे ३. तो मधला एक टी-स्टेट लोक विसरतात. त्या वेळी अ‍ॅड्रेस बसवर एचएलच असतो, त्यामुळे त्यालाही कंटेन्शन लागतं. डीजेएनझेडची (मोजून फेरे मारणाऱ्या इन्स्ट्रक्शनची) उडी आणि एलडीआयआर (मेमरीचा ब्लॉक नकलणारं इन्स्ट्रक्शन) यांच्या शेवटच्या पाच-पाच टी-स्टेटनाही तेच, प्रत्येकाला वेगवेगळं.

पोर्टचा नियम वेगळा. पोर्ट क्रमांकाचा वरचा बाइट ६४ ते १२७ मध्ये आहे का आणि सर्वांत खालचा बिट शून्य आहे का, या दोन प्रश्नांवरून चार प्रकार पडतात. दोन्ही नाही: सरळ ४ टी-स्टेट. फक्त बिट शून्य: १ मोकळा, मग विलंब आणि ३. दोन्ही हो: विलंब आणि १, पुन्हा विलंब आणि ३. फक्त वरचा बाइट त्या पट्ट्यात: चार वेळा विलंब आणि १.

आणि ओयूटीमध्ये रंग बदलायचा क्षण जपा. पोर्ट क्रमांक सोबत घेऊन येणारं ओयूटी ११ टी-स्टेटचं आहे. ७ झाल्यावर आयओचा पहिला टी-स्टेट, मग रंग बदल, मग उरलेले ३. पूर्ण ११ मिळवून मग रंग बदलला तर पट्टा ६ पिक्सेल उजवीकडे जातो.

पडदा एकदम रंगवणं बंद करा. पोर्ट २५४ वर (बॉर्डरचा रंग इथूनच ठरतो) लेखन झालं किंवा १६३८४ ते २३२९५ मध्ये बाइट बदलायला निघाला, की आधी आत्ताच्या टी-स्टेटपर्यंत रंगवा, मग बदल लागू करा. ज्या फ्रेममध्ये काहीच बदलत नाही तिथे काम एकदाच होतं, त्यामुळे वेग फारसा कमी होत नाही. बॉर्डर यूएलए ४ टी-स्टेटच्या, म्हणजे ८ पिक्सेलच्या टप्प्याने बदलते. तेवढं गोल करा.

इंटरप्टची रेषा ३२ टी-स्टेट खाली राहते. फ्रेमच्या सुरुवातीला एकदा तपासून सोडून देऊ नका, त्या ३२ मध्ये प्रत्येक इन्स्ट्रक्शननंतर तपासा. मात्र ईआय (इंटरप्ट चालू करणारं इन्स्ट्रक्शन) झाल्यावर लगेच नाही, त्याच्या पुढच्या इन्स्ट्रक्शननंतरच.

---

बीपर_ताई

टिक का येते याचा हिशेब तुमच्या प्रश्नातच आहे. २० मिलिसेकंदांनी ८८० म्हणजे सेकंदाला ४४००० सॅम्पल. साउंड कार्ड ४४१०० खातं. दर सेकंदाला १०० कमी पडतात, ५१२ चा साठा पाच सेकंदांत संपतो, टिक येते.

खरी फ्रेम २० मिलिसेकंदांची नाही. ३५००००० भागिले ६९८८८ म्हणजे ५०.०८ हर्ट्झ, आणि एका फ्रेमला ८८०.५८८८ सॅम्पल. अपूर्णांक साठवत ठेवा, म्हणजे कधी ८८० तर कधी ८८१ पडतील. आणि टाइमर काढून टाका. बफरमध्ये जागा झाली की पुढची फ्रेम चालवा, साउंड कार्डच वेग ठरवेल. काही जण ७९ टी-स्टेटला एक सॅम्पल घेतात, तेही टाळा. खरा आकडा ७९.३६५ आहे, ७९ धरला तर सेकंदाला २०० च्या वर सॅम्पल जास्त होतात आणि बफर उलट बाजूने तुंबतो.

कर्कशपणा वेगळ्या कारणाने. बीपर म्हणजे पोर्ट २५४ चा बिट ४, फक्त वर किंवा खाली. तुम्ही सॅम्पलच्या क्षणी तो बिट कसा आहे एवढंच बघत असाल, तर प्रत्येक कड (बिट बदलण्याचा क्षण) जवळच्या सॅम्पलवर ढकलली जाते आणि ती चूक मूळ सुरात नसलेले सूर तयार करते. किमान इलाज: त्या सॅम्पलच्या ७९ टी-स्टेटपैकी बिट किती काळ वर होता ते मोजून तेवढं मूल्य द्या. ३० टी-स्टेट वर असेल तर ३० भागिले ७९.३६५. एकाच बिटावर दोन सूर एकदम वाजवणारे प्रोग्राम यानेच बरेच स्वच्छ होतात. त्याहून चांगलं हवं तर ब्लिप बफर पद्धत वापरा. तिथे प्रत्येक कड टी-स्टेटच्या वेळेसह द्यायची असते, म्हणून वरचं घड्याळाचं काम आधी झालेलं हवं. शेवटी डीसी (आवाजातली स्थिर पातळी) काढणारा हलका हाय-पास फिल्टर लावा, नाहीतर बिट वर अडकून राहिला की स्पीकरला ठोका बसतो.

६० हर्ट्झच्या मॉनिटरवर स्क्रोल अडखळणारच, कारण सेकंदाला दहाएक फ्रेम दोनदा दाखवाव्या लागतात. मॉनिटर ५० हर्ट्झ घेत असेल तर तो पर्याय द्या, वेग ०.१६ टक्के कमी होतो, कानाला कळत नाही. मात्र तसं केलं तर आवाजाचा दरही तेवढाच बदला.

---

महाल_४८के

ताई, भाऊ, दोघांचे आभार. वजाबाकी केल्याबरोबर थरथर थांबली. तक्ता आणि पोर्टचे चार प्रकारही बसवले. आता खऱ्या मशीनशेजारी ठेवून पाहिलं तर सुरुवातीला पट्टे जुळतात, पण अर्ध्या तासाने मशीनवरचे काही पट्टे एका टप्प्याने सरकलेले दिसतात. एम्युलेटर तसाच स्थिर आहे. हे काय होऊन राहिलं?

---

रामदासपेठ_टीस्टेट

एम्युलेटर बरोबर आहे, मशीन तापलं. काही स्पेक्ट्रममध्ये यूएलए गरम झाली की कंटेन्शन एक टी-स्टेट उशिरा सुरू होतं, १४३३५ ऐवजी १४३३६. बॉर्डर ८ पिक्सेलच्या टप्प्याने बदलते म्हणून तो एक टी-स्टेट पूर्ण टप्प्याएवढा दिसतो. फ्यूज या दुसऱ्या स्पेक्ट्रम एम्युलेटरमध्ये यासाठी स्वतंत्र सेटिंग आहे. तुम्हीही तक्त्याची सुरुवात सेटिंगमधून घ्या, कोडमध्ये पक्की करू नका.

मे महिन्यात नागपुरात बाहेर ४५ अंश असताना ही तुलना सकाळी मशीन सुरू केल्याबरोबर करा आणि कोणत्या अवस्थेत केली ते नोंदवा. आतला ७८०५ रेग्युलेटर ९ व्होल्टवरून ५ वर आणताना उरलेली शक्ती उष्णतेतच घालवतो, म्हणून झाकण बंद ठेवून तासन्‌तास चालवू नका. अ‍ॅडॉप्टर नवीन घेत असाल तर जपून: स्पेक्ट्रमला मधली पिन ऋण लागते, आणि बाजारात सहसा मधली पिन धन असलेलेच मिळतात. ९ व्होल्ट, १.४ अँपिअर, मधली पिन ऋण, हे मीटर लावून पाहिल्याशिवाय जोडू नका.

---

इतवारी_फीतवाला

डब्ल्यूएव्हीबद्दल मी सांगतो. यात दोन वेगळे दोष असू शकतात, एम्युलेटरचा आणि रेकॉर्डिंगचा.

एम्युलेटरचा आधी. ईएआर म्हणजे कॅसेटचा सिग्नल, पोर्ट २५४ वाचताना मिळणारा बिट ६. तो फ्रेममागे एकदा ठरवत असाल तर लोडिंग होणं शक्यच नाही. रॉम (मशीनमधला कायमचा प्रोग्राम) तो साधारण ५९ टी-स्टेटला एकदा वाचतो. वाचनाच्या क्षणीच टी-स्टेटवरून डब्ल्यूएव्हीमधली जागा काढा. इथेही कंटेन्शन आहे: रॉम वाचताना ए रजिस्टरमध्ये १२७ ठेवतो, म्हणजे पोर्ट ३२७६६, वर सांगितलेल्या ‘दोन्ही हो’ प्रकारातला. टॅप फाइली चालतात यावरून काही सिद्ध होत नाही, कारण बहुतेक एम्युलेटर तिथे रॉमचा लोडर टाळून बाइट थेट मेमरीत टाकतात.

आता सिग्नल. सुरुवातीचा पायलट (लांब एकसारखा सूर) २१६८ टी-स्टेटच्या पल्सचा, हेडरआधी ८०६३ आणि डेटाआधी ३२२३ पल्स. मग ६६७ आणि ७३५ चे दोन सिंक (डेटा सुरू होतो याची खूण). शून्याचा बिट ८५५ चे दोन पल्स, एकाचा बिट १७१० चे दोन. स्वतःचा डिकोडर लिहित असाल तर एकेक पल्स सुटा मोजू नका, दोन पल्सचा पूर्ण फेरा मोजा. जुन्या रेकॉर्डिंगमध्ये मधली रेषा सरकलेली असते, त्यामुळे एक पल्स लांबतो आणि दुसरा आखूड होतो, पण बेरीज तशीच राहते. पूर्ण फेरा ४४१०० वर शून्याला २१.५ सॅम्पल, एकाला ४३.१, हद्द ३२ च्या आसपास. पायलटचा फेरा ५४.६ सॅम्पलचा यायला हवा. ५७ येत असेल तर फीत ४ टक्के हळू चालली आहे. सगळ्या हद्दी त्याच प्रमाणात वाढवा. शून्य ओलांडताना थोडी हिस्टेरेसिस (वर आणि खाली जाण्याच्या हद्दींत अंतर) ठेवा, म्हणजे फितीच्या खरखरीतून खोट्या कडा निघणार नाहीत. ब्लॉकचे सगळे बाइट, पहिला फ्लॅग आणि शेवटचा चेकसम धरून, एक्सॉर केले की शून्य आलं पाहिजे.

रेकॉर्डिंग करताना हेड आणि पिंच रोलर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. सीताबर्डीला इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात विचारा. कॅसेटमधला नमद्याचा छोटा दाबपट्टा निघालेला आहे का ते बघा. तो नसेल तर फीत हेडला टेकत नाही आणि आवाज येतो-जातो. पावसाळ्यात बंद डब्यात राहिलेल्या कॅसेटच्या कडेला पांढरी बुरशी दिसली तर ती आधी साफ करा, नाहीतर तीच पुढच्या सगळ्या कॅसेटना लागेल. मग हेडशेजारचा अ‍ॅझिमथचा स्क्रू (हेडचा तिरकेपणा बदलणारा) पाव-पाव फेऱ्याने फिरवत पायलट सर्वांत तीक्ष्ण ऐकू येईल तिथे थांबा. ही जागा प्रत्येक कॅसेटला वेगळी असते, कारण ती ज्या टेपवर भरली त्याचं हेड वेगळं होतं.

लॅपटॉपवर ऑटो गेन आणि नॉइज सप्रेशन बंद. १६ बिट, ४४१००, डब्ल्यूएव्हीच. एमपी३ मध्ये कडा सरकतात. स्टिरिओ घेतलं तर दोन्ही चॅनेल मिसळू नका, दोन्हींतून जो चेकसम देईल तो घ्या. आणि मूळ डब्ल्यूएव्ही जपून ठेवा, टीझेडएक्स (एम्युलेटरसाठीची कॅसेट फाइल) केल्यावरही. फीत पुढच्या वेळी एवढी चांगली वाजेलच असं नाही.

---

धंतोली_गिट

हे सगळं एकाच पॅचमध्ये मूळ प्रकल्पाला पाठवू नका, कुणी तपासणार नाही. क्रम असा ठेवा: वजाबाकी, मग मेमरीचं कंटेन्शन, मग पोर्ट, मग रंगवणं, मग आवाज, मग ईएआर. प्रत्येक कमिटसोबत एक चाचणी.

चाचणीसाठी फ्यूजच्या झेड-८० फोल्डरमधल्या इनपुट आणि अपेक्षित निकालाच्या फाइली बघा. त्यात प्रत्येक इन्स्ट्रक्शनसाठी कोणत्या टी-स्टेटला कोणत्या पत्त्यावर वाचन, लेखन किंवा कंटेन्शन झालं, हे ओळीने लिहिलेलं आहे. झेक्सॉल जे बघत नाही ते इथे पकडलं जातं. डीजेएनझेड, एलडीआयआर आणि ब्लॉकचे ओयूटी आधी चालवा, चुका तिथेच जास्त निघतात.

फ्यूज जीपीएल परवान्याखाली आहे. तुमच्या प्रकल्पाचा परवाना एमआयटी असेल तर तिथला कोड उचलून आणता येणार नाही. वागणूक समजून घ्या आणि कोड स्वतः लिहा. त्या चाचणी फाइलीसुद्धा रिपॉझिटरीत टाकू नका, स्क्रिप्टने बाहेरून आणा. रॉमचं वेगळं आहे: एम्युलेटरसोबत तो वाटायला अ‍ॅमस्ट्रॅड कंपनीने (स्पेक्ट्रमचे हक्क तिच्याकडे होते) १९९९ मध्ये परवानगी दिली, पण कॉपीराइट त्यांनी सोडला नाही. रॉमची फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा, तिच्यातली कॉपीराइटची ओळ बदलू नका आणि तुमच्या कोडचा परवाना तिला लागू नाही हे रीडमीत स्पष्ट लिहा.