संत्र्याच्या खड्ड्यात मायकोरायझा: सुपर फॉस्फेटबरोबर चालेल का?

धुरेकरी
काटोल भागात एक एकरात नागपुरी संत्रा लावायचा आहे. जंबेरी खुंटावरची कलमं, अंतर 6 बाय 6 मीटर, म्हणजे साधारण 112 झाडं. जमीन भारी काळी, पीएच 8.1, खाली चुनखडी. आधी सोयाबीन-हरभरा होता. मायकोरायझाची, म्हणजे झाडाच्या मुळांत राहून त्याला अन्न आणून देणाऱ्या बुरशीची, 4 किलो भुकटी आणून ठेवली आहे. शेणखत, अर्धा किलो सुपर फॉस्फेट, ट्रायकोडर्मा (दुसरी एक मित्रबुरशी) आणि ही भुकटी एकत्र कालवून खड्डे भरायचे, कलमांची मुळं कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकात बुडवून लावायची आणि पहिली दोन वर्षं ओळींमध्ये कोबी घ्यायची, असा बेत आहे. कुठं चुकतंय?

तंतुमूळ
भाऊ, भुकटी आणली खरी, पण बाकी सगळं तिच्याच मुळावर उठलं आहे.

आधी फॉस्फेट. संत्रावर्गीय झाडांना मूळरोम थोडे आणि आखूड असतात. स्फुरद (फॉस्फरस) मातीत जवळजवळ हलतच नाही, त्यातून आपल्या चुनखडीच्या जमिनीत ते कॅल्शियमला बांधलं जातं. मुळाला लागून असलेला एक-दोन मिलिमीटरचा थर संपला की मूळ उपाशी. मायकोरायझाचे धागे त्या रिकाम्या पट्ट्यापलीकडे काही सेंटिमीटर जातात आणि मूळ जिथं शिरू शकत नाही अशा फटींतून स्फुरद आणतात. त्याचा मोबदला झाड साखर आणि स्निग्ध पदार्थांत देतं. पानांनी तयार केलेल्या अन्नाच्या 4 ते 20 टक्के. एवढा खर्च झाड गरजेशिवाय करत नाही. मुळाशी अर्धा किलो सुपर म्हणजे 80 ग्रॅम स्फुरद आयतं मिळालं, की बुरशीला बोलावणारं स्ट्रायगोलॅक्टोन हे रसायन मुळं सोडेनाशी होतात. वरून जस्ताचीही बोंब होते, कारण जस्त आणण्यातही या धाग्यांचा हात असतो. स्फुरद भरपूर दिलेल्या बागेत शेंड्याची पानं बारीक आणि शिरांमध्ये पिवळी दिसण्याचं हे एक कारण. खड्ड्यात फक्त कुजलेलं शेणखत घाला. सुपर तीन महिन्यांनी, माती परीक्षणाचा आकडा बघून, बुंध्यापासून फूटभर लांब आणि थोडं थोडं.

कार्बेन्डाझिम तर अजिबात नको. जंबेरी खुंटाचा खरा वैरी फायटोप्थोरा, बुरशीसारखा दिसणारा रोगजंतू. मूळकूज आणि डिंक्या त्याचेच. तो खऱ्या बुरशीच्या कुळातला नाही, त्यामुळे कार्बेन्डाझिम त्याला काही करत नाही. मरते ती तुमची मायकोरायझा. फायटोप्थोरासाठी मेटॅलॅक्झिल किंवा फोसेटिल चालतं, ते मायकोरायझाला फारसं जाचत नाही. तरी भुकटी आणि आळवणी एकाच दिवशी करू नका, मध्ये पंधरा दिवस जाऊ द्या. बोर्डो पेस्ट (मोरचूद, चुना, पाणी 1:1:10) खोडाला लावा, मातीत ओतू नका. तांबं जमिनीत साचत जातं.

ट्रायकोडर्मा वेगळा प्राणी आहे. तो कुजक्या पदार्थांवर आणि दुसऱ्या बुरशींवर जगतो, त्याला मुळात शिरून बसायची गरज नाही. तो शेणखतात पंधरा दिवस आधी मिसळा, ढीग सावलीत ओलसर ठेवा. मायकोरायझा लावणीच्या दिवशीच.

कोबी, मोहरी, मुळा, पालक, बीट यांच्या मुळांवर ही बुरशी बसत नाही. दोन वर्षं कोबी म्हणजे ओळींमधल्या जमिनीत तिला दोन वर्षांचा उपास. चवळी, हरभरा, सोयाबीन, कांदा यांपैकी काहीही घ्या.

वाफसा
वरचं सगळं बरोबर, पण एक खडा टाकतो. ज्या शेतात सोयाबीन-हरभरा होता, तिथं मायकोरायझा आधीच असते. ही दोन्ही तिची आवडती पिकं. मग पाकिटाचा फायदा दिसेलच असं नाही. तो ठळक दिसतो पन्हेरीत, म्हणजे रोपवाटिकेत, जिथं माती निर्जंतुक केलेली असते. अमेरिकेत धुरी दिलेल्या मातीतली लिंबूवर्गीय रोपं खुरटायची आणि लोक मातीत विष राहिलं असं समजायचे. 1972 मध्ये दाखवून दिलं गेलं की खरी उणीव मायकोरायझाची होती. म्हणून जमलं तर पन्हेरीतच पिशवी भरताना भुकटी घातलेली कलमं घ्या. आणि दहा-बारा झाडं भुकटीशिवाय लावा, एका कडेला नको, बागेत विखरून. नाहीतर दोन वर्षांनी तुलना कशाशी करणार?

पाकीट नीट वाचा. प्रति ग्रॅम किमान 100 जिवंत घटक हा खत नियंत्रण आदेशातला आकडा आहे. नावं रायझोफॅगस, ग्लोमस, फनेलिफॉर्मिस अशी हवीत. पिसोलिथस लिहिलं असेल तर तो भाग संत्र्याला निरुपयोगी. ती बुरशी पाइन-निलगिरीची. मे महिन्यात टिनाच्या शेडमध्ये पडून राहिलेलं पाकीट मात्र फुकट मिळालं तरी घेऊ नका.

आणि पाणी! काळ्या जमिनीत ऑगस्टमध्ये खड्डा हौद होतो. या बुरशीला हवा लागते, फायटोप्थोराला साचलेलं पाणी आवडतं. गादीवाफ्यावर लावा, उताराला चर काढा. हे नसेल तर बाकी चर्चाच करू नये.

धुरेकरी
कोबी रद्द. 4 किलो पुरेल का, नेमकी कुठं टाकायची, आणि लागली की नाही हे कसं कळणार? खतात पांढरे धागे दिसतात तीच का?

तंतुमूळ
नाही, ते कुजवणाऱ्या बुरशीचे. मायकोरायझा नुसत्या डोळ्यांना दिसत नाही.

झाडामागे 35 ग्रॅम येतील, तेवढी बस. खड्डाभर पसरली तर मुळाला गाठच पडत नाही. पिशवी फाडल्यावर मातीच्या गोळ्याला चोळा, उरलेली गोळ्याखाली टाका आणि लगेच लावा. उन्हात उघडी ठेवू नका.

तपासायची असेल तर दोन-अडीच महिन्यांनी तपकिरी न पडलेली बारीक मुळं घ्या, 1 सेंटिमीटरचे तुकडे करा. 10 टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये गरम करा, मुळं फिकी होईपर्यंत. संत्र्याची मुळं रंगीत, त्यामुळे वेळ लागतो. हातमोजे आणि चष्मा हवाच, कातडी सोलते. चांगलं धुवा. मग पांढऱ्या व्हिनेगरमध्ये 5 टक्के फाउंटन पेनची काळी शाई घालून त्यात 3 मिनिटं उकळा, व्हिनेगरचे थेंब टाकलेल्या पाण्यात 20 मिनिटं ठेवा. 100 पट सूक्ष्मदर्शकात निळे-काळे धागे आणि गोल फुगे दिसले तर लागली. झुडपासारख्या फांद्या बघायच्या तर 400 पट लागतात. न धुता शाई टाकली की सगळंच काळं दिसतं, मग लोक म्हणतात शंभर टक्के लागण!

वाफसा
पुढच्या एकरासाठी भुकटी घरीच वाढवता येते. 1 बाय 1 मीटरचा, 30 सेंटिमीटर खोल खड्डा, आत काळं प्लास्टिक. 50 किलो व्हर्मिक्युलाइट (ओल धरणारं हलकं खनिज) आणि 5 किलो निर्जंतुक माती, वरच्या थराखाली 1 किलो भुकटी आणि मका. खत अगदी बेताचं. 60 दिवसांनी ताटं कापा, मुळं बारीक करून त्याच मातीत मिसळा. माती मात्र जुन्या संत्रा बागेतली घेऊ नका, निर्जंतुक करताना कसर राहिली तर भुकटीबरोबर फायटोप्थोराही घरोघरी जातो.