विस्थापित कुटुंबांतील तेरा ते सतरा वर्षांच्या मुलांना कमी वेळात दहावीपर्यंत कसे न्यावे? (नागपूर)

संध्यावर्ग:

नमस्कार. उत्तर नागपुरात जरीपटक्याजवळ आम्ही काही जण संध्याकाळचा एक मोफत वर्ग चालवतो. फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांनी ही वस्ती उभी केली, हे नागपूरकरांना सांगायला नको. अलीकडच्या काळात पाकिस्तानातून दीर्घकालीन व्हिसावर आलेली हिंदू सिंधी कुटुंबेही याच भागात नातेवाइकांच्या आधाराने राहतात, आणि आमच्याकडे येणारी बहुतेक मुले त्याच घरांतली आहेत. त्यांच्याबरोबर छत्तीसगडमधून बांधकामावर आलेल्या मजुरांची काही मुलेही येतात. त्यांची शाळा तिसरी-चौथीतच सुटलेली आहे.

त्यातला एक पंधरा वर्षांचा मुलगा सिंधमध्ये सातवीपर्यंत शिकलेला आहे. इथल्या एका शाळेने त्याला सहावीत बसवले. आपल्यापेक्षा चार वर्षांनी लहान मुलांमध्ये बसण्याची लाज वाटून त्याने शाळा सोडली आणि तो कापडाच्या दुकानात लागला. तिथे तो सव्वातीन मीटरचा भाव गिऱ्हाइकाला तोंडी सांगतो. तेच उदाहरण पुस्तकात शब्दांत आले की मात्र वही मिटतो. आम्ही सध्या सहावीची पुस्तके घेऊन भरभर पुढे जात आहोत आणि मुले तितक्याच भरभर मागे पडत आहेत. अनेक इयत्तांचा अभ्यास थोड्या काळात करून घेण्याची काही शास्त्रशुद्ध पद्धत आहे का, चौदा वर्षे उलटलेल्या मुलांसाठी कायद्याचा आधार आहे का, आणि परीक्षा कोणती द्यावी, याविषयी जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

खडू_फळा:

मी निवृत्त मुख्याध्यापिका आहे, म्हणून कायद्यापुरते लिहिते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात बालकाची व्याख्या सहा ते चौदा वयाची आहे आणि तिथे नागरिकत्वाची अट नाही. कलम ४ नुसार शाळेबाहेरच्या मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश द्यायचा असतो आणि इतरांच्या बरोबरीला येण्यासाठी विशेष प्रशिक्षण मिळणे हा त्याचा हक्क असतो. केंद्राच्या आदर्श नियमांत या प्रशिक्षणाचा कालावधी किमान तीन महिने आणि कमाल दोन वर्षे असा आहे. वयाचा दाखला नाही या कारणावरून प्रवेश नाकारता येत नाही, ही तरतूद कलम १४ मध्ये आहे. तेव्हा वयाने आठवी-नववीत शोभणाऱ्या मुलाला ‘काही येत नाही’ म्हणून सहावीत बसवणे हे कायद्याच्या हेतूच्या नेमके उलट आहे.

तुमच्या वर्गात तेरा वर्षांची जी मुले आहेत, त्यांचा प्रवेश चौदा पूर्ण होण्याआधी करून घ्या. एकदा कलम ४ खाली प्रवेश झाला की चौदा उलटल्यावरही आठवी पूर्ण होईपर्यंत शिक्षण मोफत राहते. ज्यांची चौदा वर्षे प्रवेशाविनाच उलटली, त्यांना हा कायदा थेट हक्क देत नाही. त्यांच्यासाठी मुक्त विद्यालयाची वाट धरावी लागेल.

विदर्भ_ते_नाईल:

मी काही वर्षे उत्तर युगांडातील निर्वासित वसाहतींमध्ये याच प्रकारच्या कार्यक्रमात काम केले आहे. तिथे प्राथमिक शाळेची सात वर्षे तीन टप्प्यांत बसवतात: पहिल्या टप्प्यात पहिली ते तिसरी, दुसऱ्यात चौथी-पाचवी, तिसऱ्यात सहावी-सातवी, आणि शेवटी मुले देशातली इतर मुले देतात तीच प्राथमिक परीक्षा देतात. दक्षिण सुदानमध्ये आठ वर्षांचा अभ्यास चार वर्षांत होतो. शिकवण्याचा वेग दुप्पट करून हे साधत नाही. नेहमीच्या पाठ्यक्रमात एकच घटक तीन-तीन इयत्तांत थोडा थोडा येतो, कारण तो लहान मुलांसाठी आखलेला असतो. अपूर्णांक, दशांश, गुणोत्तर आणि शेकडेवारी हे पंधरा वर्षांच्या मुलाला एका सलग पट्ट्यात शिकवता येते, विशेषतः तो कापड मोजत असेल तर. परिसर अभ्यासातला पुष्कळसा भाग तर तो जगलेलाच असतो. वाचन आणि लेखन यांचे तास मात्र कापता येत नाहीत. उलट तेच वाढवावे लागतात. सहावीचे पुस्तक भरभर उरकल्याने तुमची मुले मागे पडली, यात म्हणूनच नवल नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाच्या पुढाकाराने चालणाऱ्या आंतरराष्ट्रीय कार्यगटाने २०१७ मध्ये अशा कार्यक्रमांसाठी दहा तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांतला व्यवहाराचा भाग म्हणजे कार्यक्रम वयाने मोठ्या झालेल्या मुलांसाठीच ठेवावा, वेळापत्रक त्यांच्या कामधंद्याला सोयीचे असावे आणि शेवटी मान्यताप्राप्त प्रमाणपत्र मिळावे. लहान मुलांना त्यात घेतले की नियमित शाळा ओस पडू लागतात, हे मी स्वतः पाहिले आहे.

पण माझा मुख्य आक्षेप निराळा आहे. तुम्ही दोन अगदी वेगळे गट एकाच वर्गात बसवले आहेत. छत्तीसगडच्या मुलांची वर्षे खरोखर बुडाली आहेत आणि वेगवर्धित अभ्यासक्रम, म्हणजे अनेक इयत्ता थोड्या वर्षांत बसवणारा, त्यांच्यासाठीच आहे. सिंधमध्ये सातवी झालेल्या मुलाचे शिक्षण बुडालेले नाही. तो अरबी वळणाच्या लिपीत उजवीकडून डावीकडे वाचायला शिकला आहे आणि देवनागरीत निरक्षर आहे. त्याला काही महिन्यांचा सेतुवर्ग, म्हणजे फक्त नवी लिपी पक्की करून घेणारा वर्ग, पुरेल. पुन्हा चौथीपासून सुरुवात करायला लावणे हा त्याच्यावर अन्याय आहे. त्याची चाचणी आधी सिंधीत घ्या. जरीपटक्यात ती लिपी वाचणारे एखादे आजोबा सहज भेटतील.

कामठी_अभ्यासगट:

आम्ही राष्ट्रीय मुक्त विद्यालयाच्या म्हणजे एनआयओएसच्या परीक्षांना मुले बसवतो. दहावीसाठी वयाची किमान अट चौदा पूर्ण ही आहे, आणि आधीच्या शाळेचे प्रमाणपत्र नसेल तर हा अभ्यासक्रम झेपेल इतके आपण शिकलो आहोत असे स्वयंघोषणापत्र चालते. किमान पाच विषय लागतात. परीक्षा एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर अशा वर्षातून दोनदा होतात, नोंदणी पाच वर्षे टिकते आणि त्या काळात नऊ संधी मिळतात. उत्तीर्ण झालेला विषय पुन्हा द्यावा लागत नाही, त्यामुळे काम करणारा मुलगा एका वेळी दोनच विषय देऊ शकतो. दहावी अजून लांब असलेल्यांसाठी मुक्त मूलभूत शिक्षणाचे तिसरी, पाचवी आणि आठवीशी समकक्ष असे तीन स्तर आहेत. छत्तीसगडची मुले तिथून चढत येऊ शकतील.

आता एक सूचना. सिंधच्या शाळांत उर्दू हा सक्तीचा विषय असतो आणि एनआयओएसची दहावी उर्दू माध्यमातूनही देता येते. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना देवनागरी पक्की होईपर्यंत थांबवून ठेवण्यापेक्षा उर्दूतून बसवा. कामठी आणि मोमिनपुरा इथे उर्दू माध्यमाचे शिक्षक आहेत, बालभारती उर्दू आणि सिंधी माध्यमांची पाठ्यपुस्तकेही छापते. सिंधी हा विषय एनआयओएसच्या यादीत आहे, पण लिपी कोणती चालेल याची चौकशी नोंदणीआधीच करून घ्या.

मनपा_शिक्षक:

कामठीकरांच्या सूचनेशी मी पूर्ण सहमत नाही. उर्दूतून दहावी होईल, पण पुढे आयटीआयला किंवा अकरावीला हीच मुले हिंदी, मराठी किंवा इंग्रजीत येऊन पडतील आणि आजची अडचण दोन वर्षांनी अधिक मोठी होऊन समोर उभी राहील. शिवाय इथल्या बाजारात, दवाखान्यात, सरकारी अर्जांवर त्यांना देवनागरीच लागणार आहे. लिपी कळायला वेळ लागत नाही, कारण हिंदी त्यांना ऐकून येतेच; सराव लागतो, आणि तो रोज लागतो.

खडू_फळा ताईंनी सांगितलेल्या विशेष प्रशिक्षणाबद्दलही सावध राहा. कागदावर ते असते. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी मूल त्याच वर्गात मागच्या बाकावर बसून फळ्यावरचे उतरवत राहते. प्रवेश घेताना वेगळा तास कोण आणि किती वाजता घेणार, हे लेखी मागा.

कामठी_अभ्यासगट:

आयटीआयचा मुद्दा मान्य. तरीही सतराव्या वर्षी ज्याच्या हातात कोणतेच प्रमाणपत्र नाही, तो दोन वर्षे लिपीसाठी थांबत नाही, कामावर जातो. तुमच्या ‘रोज’ या शब्दावर मात्र माझीही सही आहे. दोन्ही एकाच वेळी चालवता येईल: विषयांची तयारी उर्दूतून आणि रोज अर्धा तास देवनागरी.

संध्यावर्ग:

सर्वांचे मनापासून आभार. शेजारच्या एका सेवानिवृत्त सिंधी शिक्षकांना आम्ही बोलावले आणि मुलांची चाचणी सिंधीत घेतली. कापडाच्या दुकानातला मुलगा सातवीची शाब्दिक उदाहरणे सिंधीत वाचून सोडवतो. त्याची वही उजवीकडून उघडलेली होती आणि अक्षर आमच्यापेक्षा सुंदर होते. एका चौदा वर्षांच्या मुलीला मात्र सिंधीतही दोन ओळींपलीकडे वाचता आले नाही. तिकडे तिचे नाव शाळेत होते, पण ती घरकामामुळे फारशी गेलीच नव्हती, असे तिच्या आईने सांगितले. त्यामुळे गट देशावरून किंवा भाषेवरून पाडायचे नाहीत, चाचणीवरून पाडायचे, असे ठरवले आहे. ही मुलगी छत्तीसगडच्या मुलांबरोबर बसेल.

उर्दू की हिंदी हे सोळा-सतरा वर्षांच्या मुलांवर आणि त्यांच्या पालकांवर सोडले आहे. एक शंका उरते: या मुलांच्या आधारकार्डाचे काय करायचे, आणि वर्गाची वेळ कोणती ठेवावी? मुली संध्याकाळी सातनंतर येत नाहीत.

खडू_फळा:

दीर्घकालीन व्हिसावर राहणाऱ्या पाकिस्तान, अफगाणिस्तान आणि बांगलादेशातील अल्पसंख्याकांना आधार, पॅन आणि बँक खाते काढता येईल, असा केंद्राचा निर्णय २०१६ सालचा आहे; व्हिसाच्या मुदतवाढीची प्रत जोडून अर्ज करा आणि परीक्षेच्या नोंदणीच्या तारखांची वाट न पाहता आताच करा. मुलींचा तास दुपारी चार ते सहा ठेवा, दुकानात जाणाऱ्या मुलांचा रात्री. उन्हाळा वाया घालवू नका: विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, आणि मे महिन्यात नागपुरात दहानंतर कोणी घराबाहेर पडत नसले तरी सकाळी साडेसहा ते साडेनऊ हे तीन तास रोज मिळतात. देवनागरीचा सेतुवर्ग त्या दोन महिन्यांत बसतो. जागेसाठी एखाद्या शाळेला विचारा, सुट्टीत वर्गखोल्या रिकाम्याच असतात. नाही मिळाली तर मला व्यक्तिगत संदेश पाठवा.